मेलिंग लिस्टचे पत्ते नव्या सर्व्हरवर नेताना

आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर गेली बरीच वर्षं अमळनेरातच, कॉम्प्युटर लॅबच्या मागच्या खोलीत चालत होता. ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७, मेल पोचवायला पोस्टफिक्स आणि मेलिंग लिस्टसाठी (एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्या सदस्यांना जातो ती सोय) मेलमन २.१. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला कायमचे बंद होणार, हे आधीपासून ठाऊक होतं. ज्या सरांनी हे सगळं उभं केलं ते केव्हाच पुण्याला गेलेले. लॅबमध्ये टर्मिनल उघडून बसणारी मी एकटीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी लॅब असिस्टंट आहे, मेल सर्व्हरची तज्ज्ञ नाही. पण अलायसच्या, म्हणजे कुठल्या पत्त्यावरचा मेल पुढे कुठे द्यायचा ते सांगणाऱ्या नोंदींच्या, भानगडीत अडकल्यावर जे वाचायला हवं होतं ते मराठीत एका जागी मिळालं नाही, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते आहे. आज्ञांची आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं.

महत्त्वाच्या लिस्ट तीन. एक स्टाफची, एक माजी विद्यार्थ्यांची आणि एक अहिराणी शब्द, म्हणी, ओव्या गोळा करणाऱ्यांची. ही शेवटची लिस्ट आमचे निवृत्त शिक्षक चालवतात, त्यांना सगळे नाना म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅप असताना लिस्ट कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, फोन बदलला की ग्रुपवरचं जुनं सगळं जातं, लिस्टच्या आर्काइव्हमध्ये दहा वर्षांपूर्वीचं पत्र सापडतं. ते खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झालं, आणि त्यानंतर साक्री, मालेगाव, सुरतेकडच्या लोकांच्या सदस्यत्वाच्या विनंत्या वाढल्या. त्यातल्या काहींची तक्रार होती की पुष्टीच्या मेलला उत्तर दिलं तर ते परत येतं. वेबवरची लिंक दाबली तर मात्र काम होतं. या तक्रारीचा उलगडा पुढे जूनमध्ये झाला.

एप्रिलमध्ये प्राचार्यांकडे अर्ज दिला. भाड्याचा सर्व्हर घ्यायचा, म्हणजे खरेदी समिती आली, तीन कोटेशन आली. अंदाजपत्रकात 'सर्व्हर भाडे' असं शीर्षकच नव्हतं, ते शेवटी 'संगणक देखभाल' खाली बसवलं. मधे १० मे ची आखाजी (अक्षय्य तृतीया), आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे निवडणूक. जळगाव मतदारसंघाचं मतदान १३ मे ला होतं, आमचे निम्मे लोक इलेक्शन ड्युटीवर. समितीची बैठक त्यानंतरच लागली, आणि सह्या पूर्ण होईपर्यंत वैशाखातला सखाराम महाराजांचा रथही निघून गेला. अशा कामाला जूनची मुदत असेल तर अर्ज जानेवारीत टाकावा, एवढं सांगते.

भाडं जीएसटी धरून महिन्याला साधारण बाराशे रुपये. रक्कम छोटी, पण चेक चालेना, कार्ड किंवा यूपीआयच हवं. मग कार्ड कुणाचं, यावर अकाउंट विभागात बरीच चर्चा. अखेर मी माझ्या खात्यातून भरले आणि बिल सादर केलं. इथे एक गोष्ट आठवणीने करा: खातं उघडतानाच संस्थेचं पूर्ण नाव आणि जीएसटी क्रमांक घाला. बिल एकदा व्यक्तीच्या नावाने निघालं की आपल्याकडचा कोणताही क्लार्क ते पास करत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

सर्व्हर मिळाला तरी त्यातून मेल बाहेर जात नव्हता. भाड्याने सर्व्हर देणाऱ्या बऱ्याच कंपन्या नव्या ग्राहकाचं बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बंद ठेवतात, कारण स्पॅमवाले आधी तेच शोधतात. तिकीट टाकलं. त्यांनी विचारलं: मेल कसले, दिवसाला किती, नको असेल तर माणूस बाहेर कसा पडणार? प्रश्न रास्त होते. मी लिस्टची नावं, सदस्यसंख्या आणि बाहेर पडण्याची पद्धत लिहून पाठवली. काही दिवसांनी पोर्ट उघडलं. डीएनएस म्हणजे सर्व्हरचं नाव आणि आयपी क्रमांक यांची सांगड सांगणारी यादी. त्याच तिकिटात उलट्या डीएनएस नोंदीचीही मागणी करून ठेवा, म्हणजे आयपीवरून विचारलं तर आपल्या सर्व्हरचंच नाव मिळायला हवं. ती नोंद नसेल तर मोठ्या मेल सेवा दारातच नाक मुरडतात.

नव्या मशिनवर सेंटओएसच्याच कुळातलं अल्मालिनक्स ८ घेतलं, कारण त्यात मेलमन २.१ अजून मिळतं. ही सोय तात्पुरती आहे, हे मान्य. मेलमन २.१ चालतं पायथन २ वर, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० लाच संपला. पण मशिन बदलणं आणि मेलमन ३ वर जाणं ही दोन कामं एकाच आठवड्यात करायला मी तयार नव्हते. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते तरी कळावं.

डीएनएसच्या नोंदी इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणली. शनिवारी ८ जूनच्या रात्री लिस्टचा डेटा, आर्काइव्ह आणि सेटिंग नव्या मशिनवर उतरवलं. वळवाचा पाऊस आला, लाइट गेली, जुना सर्व्हर इन्व्हर्टरवर कण्हत राहिला. पण कॉपी पूर्ण झाली. मेलमनची 'चेक_पर्म्स' ही आज्ञा परवानग्या तपासते आणि एफ पर्याय दिला तर दुरुस्तही करते, ती चालवली. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा) चालू होतं म्हणून फाइलींवरच्या त्याच्या खुणा नीट करणारं 'रीस्टोअरकॉन'ही चालवलं. मग डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी एमएक्स नोंद बदलली.

रविवारी सकाळी तिन्ही लिस्टवर एकेक चाचणी मेल टाकला. तिन्ही परत.

अशा वेळी सेटिंगला हात लावण्याआधी करायची एक गोष्ट आहे. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ फाइलमध्ये 'सॉफ्ट_बाउन्स' 'येस' करायचं आणि पोस्टफिक्स रीलोड करायचा. एरवी पत्ता सापडला नाही की पोस्टफिक्स ५ ने सुरू होणारा कोड देतो, म्हणजे कायमचा नकार, आणि मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. सॉफ्ट_बाउन्स चालू असेल तर तोच नकार ४ ने सुरू होणाऱ्या कोडात जातो, म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात पाच दिवसांची असते. तेवढ्या वेळात आपण शांतपणे शोध घेऊ शकतो आणि लोकांचे मेल हरवत नाहीत. काम झालं की बंद करायला विसरू नका, नाहीतर खरोखर चुकीच्या पत्त्यांचे मेलही रांगेत लोळत राहतात.

आता लॉग. सेंटओएस आणि अल्मावर तो व्हार-लॉगमधल्या 'मेललॉग' फाइलीत असतो. तिन्ही मेल परत आले होते, पण कारण दोन तऱ्हांनी लिहिलेलं. स्टाफच्या लिस्टसाठी: 'यूजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल'. नानांच्या लिस्टचा मेल मात्र दारात स्वीकारला गेला होता आणि आत गेल्यावर 'अननोन यूजर' म्हणून परत फिरला होता. आजार एक, लक्षणं दोन. हे समजायला अलायसचं काम कसं चालतं ते समजून घ्यावं लागलं.

मेलमन २.१ मध्ये प्रत्येक लिस्टचे दहा पत्ते असतात. एक लिस्टचा स्वतःचा, आणि त्याला शेपट्या लावलेले नऊ: अ‍ॅडमिन, बाउन्सेस, कन्फर्म, जॉइन, लीव्ह, ओनर, रिक्वेस्ट, सबस्क्राइब, अनसबस्क्राइब. यातल्या एकालाही मेलबॉक्स नसतो. अलायस फाइलीत प्रत्येकासमोर एक आज्ञा लिहिलेली असते आणि आलेला मेल त्या आज्ञेच्या तोंडात ओतला जातो. अशी आज्ञा फक्त स्थानिक अलायस फाइलीत चालते. पोस्टफिक्समध्ये व्हर्च्युअल अलायस म्हणून दुसरा तक्ता असतो, त्यात आज्ञा लिहिता येत नाही. तिथे फक्त एका पत्त्याच्या जागी दुसरा पत्ता येतो. पोस्टमन वाड्याच्या दारापर्यंत पत्र आणतो, आतल्या कुठल्या खोलीत द्यायचं ते वाड्यातलं माणूस ठरवतं, तसं हे आहे. व्हर्च्युअल तक्ता दारापर्यंतचा, स्थानिक अलायस आतला.

आमची स्टाफची लिस्ट मुख्य डोमेनवर होती. ते डोमेन 'मायडेस्टिनेशन'मध्ये (ज्यांचा मेल याच मशिनवर पोचवायचा त्या डोमेनची यादी) असल्यामुळे दारातच स्थानिक तक्ता तपासला गेला आणि नकार मिळाला. नानांची लिस्ट 'लिस्ट्स' या उपडोमेनवर. ते व्हर्च्युअल तक्त्यात होतं, दाराने ओळखलं, पत्ता लोकलहोस्टकडे, म्हणजे त्याच मशिनकडे, वळवला, आणि आतल्या फाइलीत नाव सापडलं नाही.

पण फाइलीत नाव तर होतं! मी उघडून पाहिलं, दहाच्या दहा पत्ते. 'न्यूअलायसेस' चालवलं, काही तक्रार नाही. इथे बराच वेळ गेला. उत्तर असं होतं की पोस्टफिक्समध्ये दोन सेटिंग जवळजवळ सारख्या नावांची आहेत. 'अलायस_डेटाबेस' सांगतं की न्यूअलायसेस चालवल्यावर कुठल्या फाइली नव्याने बांधायच्या. 'अलायस_मॅप्स' सांगतं की मेल पोचवताना कुठल्या फाइलींना विचारायचं. नव्या मशिनवर मेलमनची अलायस फाइल पहिल्यात होती, दुसऱ्यात नव्हती. म्हणजे फाइल इमानेइतबारे बांधली जात होती आणि तिला कोणी विचारतच नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. फाइल उघडून बघण्यात अर्थ नाही. आधी 'पोस्टकॉन्फ अलायस_मॅप्स' चालवायचं (पोस्टकॉन्फ म्हणजे पोस्टफिक्सचं सेटिंग दाखवणारी आज्ञा), त्यात ज्या फाइली दिसतील त्यांनाच 'पोस्टअलायस' ला क्यू पर्याय देऊन एकेक पत्ता विचारायचा. व्हर्च्युअल तक्त्यासाठी तेच काम 'पोस्टमॅप' करतं. 'पोस्टकॉन्फ' ला एन पर्याय दिला तर मेन.सीएफमध्ये जे जे लिहिलेलं आहे तेवढंच दिसतं. दोन मशिनवर चालवून ते शेजारी ठेवलं की फरक डोळ्यांत भरतो. हे मी रविवारी सकाळीच केलं असतं तर वगैरे म्हणण्यात अर्थ नाही, ही आज्ञा मला रविवारी दुपारीच कळली.

अलायस_मॅप्स दुरुस्त केल्यावर मेल आत गेला आणि वेगळ्याच जागी अडकला. लॉगमध्ये 'ग्रुप मिसमॅच एरर'. मेलमनचा मेल घेणारा छोटा प्रोग्राम हट्टी आहे. त्याला लिनक्सच्या कुठल्या वापरकर्ता-गटाने हाक मारायची ते ठरलेलं असतं, आणि आम्ही हाक मारत होतो 'नोबडी' या जवळजवळ काहीच अधिकार नसलेल्या गटाने. पोस्टफिक्सचा नियम असा: अलायस फाइलीतली आज्ञा त्या फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालते. मालक रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) असेल तर मात्र सुरक्षिततेसाठी रूटच्या अधिकाराने न चालवता 'नोबडी'च्या अधिकाराने चालवली जाते. कॉपी करताना आमच्या फाइलीचा मालक रूट झाला होता. बरेच जण यावर मेलमन पुन्हा बांधा, गट बदला, असे उपाय सांगतात. मला ते पटले नाहीत. फाइलीचा मालक 'मेलमन' केला, मग पोस्टअलायस पुन्हा चालवलं, कारण बांधलेली डीबी फाइलही त्याच मालकाची व्हायला हवी. चाचणी मेल आला. रांगेत थांबलेले मेल 'पोस्टसुपर'ने पुन्हा सोडले, तेही एकामागून एक निघाले. रविवारी रात्री शेवभाजी गरम करून जेवले, एवढंच आठवतं.

सोमवारी वाटलं, झालं काम. लिस्टवर मेल जात होते, येत होते. पण मी प्रत्येक लिस्टचे दहाही पत्ते तपासायचं ठरवलं होतं, आणि लिस्ट्स उपडोमेनवर त्यातले दोनच चालत होते: मुख्य पत्ता आणि ओनर. बाकी आठ 'यूजर अननोन इन व्हर्च्युअल अलायस टेबल'. व्हर्च्युअल फाइल पूर्वी कुणीतरी हाताने लिहिलेली होती, आणि जे पत्ते रोज लागतात तेवढेच त्यात घातले होते. जुन्या सर्व्हरवरही हीच फाइल होती. म्हणजे संमेलनानंतर आलेली ती तक्रार खरी होती. कन्फर्मचा पत्ता बाहेरून कधी चाललाच नव्हता.

इथे दोन रस्ते होते. व्हर्च्युअल फाइलीत राहिलेले पत्ते भरायचे, किंवा उपडोमेन सरळ मायडेस्टिनेशनमध्ये टाकून व्हर्च्युअलचा टप्पाच काढायचा. एकाच नावाच्या दोन लिस्ट दोन वेगळ्या डोमेनवर असत्या तर पहिला रस्ता घ्यावा लागला असता. आमच्याकडे तसं नव्हतं, म्हणून दुसरा घेतला. कमी टप्पे, कमी डोकेदुखी. पण बदल करताच लॉगमध्ये इशारा येऊ लागला की हे डोमेन मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्स या दोन्हींत लिहू नका. मी तर व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्समध्ये काहीच लिहिलं नव्हतं. शोधल्यावर कळलं की ते सेटिंग मोकळं सोडलं तर पोस्टफिक्स व्हर्च्युअल_अलायस_मॅप्सच्या फाइलींतच डोमेनची नावं शोधतो. त्या फाइलीच्या पहिल्या ओळीत डावीकडे आमचं उपडोमेन एकटंच लिहिलेलं होतं. ती ओळ आणि खालच्या नोंदी काढल्या, पोस्टमॅप चालवलं, इशारा थांबला.

कन्फर्म तरीही अर्धवट. आमच्या मेलमनमध्ये पुष्टीचा पत्ता कन्फर्म, पुढे अधिक चिन्ह, पुढे सांकेतिक अक्षरं असा तयार होतो. अधिक चिन्हानंतरचा भाग बाजूला ठेवून पत्ता शोध, हे पोस्टफिक्सला 'रेसिपियंट_डिलिमिटर'मध्ये सांगावं लागतं. नव्या मशिनवर ते रिकामं होतं. तिथे अधिक चिन्ह टाकल्यावर साक्रीच्या एका सदस्याला फोन करून मेलनेच पुष्टी द्यायला सांगितली. ती लागली.

त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या कार्यालयातून निरोप: स्टाफच्या लिस्टचे मेल सगळ्यांना येतात, प्राचार्य मॅडमना येत नाहीत. लॉगमध्ये तर त्यांचा मेल पोचलेला दिसत होता, कुठेही एरर नाही. स्टाफ लिस्टवर 'प्रिन्सिपल' हा पदाचा पत्ता सदस्य होता, आणि इटीसी-अलायसेस या सर्व्हरच्या मूळ अलायस फाइलीत 'प्रिन्सिपल' परत स्टाफ लिस्टकडे वळवलेला. पद रिक्त होतं त्या काळातली ती सोय असावी. मेल लिस्टवरून निघून प्रिन्सिपलकडे, तिथून पुन्हा लिस्टकडे. आणि लिस्टने त्यावरचा स्वतःचा 'एक्स-बीनदेअर' हा शिक्का ओळखून तो गुपचूप टाकून दिला. मेलमन असे टाकलेले मेल आपल्या 'वेट' नावाच्या लॉगमध्ये नोंदवतो, पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये ते कळत नाही. अलायस मॅडमच्या खऱ्या मेलबॉक्सकडे वळवला. मॅडमनी विचारलं, किती दिवसांपासून हे असं आहे? जुना 'वेट' लॉग बघता, बरेच दिवसांपासून. त्यांनी फक्त 'अच्छा' म्हटलं.

पंधरा जूनच्या सुमाराला सॉफ्ट_बाउन्स बंद केलं. कॉलेज सुरू झालं, पाऊसही आला. नाना रोज सकाळी लिस्टवर एक अहिराणी शब्द आणि त्याची वापरातली दोन वाक्यं टाकू लागले. आठवडा झाला असेल, त्यांचा फोन. "बेटा, हाई काय शे? मन्हा मेल कोणलेच भेटना नही, आनि मालेच ढीगभर मेल येई ऱ्हायनात."

ढीग खरा होता. लिस्टचे मालक म्हणून त्यांना मेलमनकडून सूचना येत होत्या: अमुक सदस्याचं मेल पाठवणं बंद केलं, तमुकाचं बंद केलं. सगळे जीमेलवाले. लॉगमध्ये जीमेलचा नकार दिसला, ५.७.२६, याहूच्या डोमेनच्या डीमार्क धोरणानुसार (आपल्या नावाने आलेल्या संशयास्पद मेलचं काय करायचं ते सांगणारं धोरण) हा मेल स्वीकारता येत नाही. नानांचा पत्ता याहूचा. याहूने एप्रिल २०१४ मध्येच जाहीर केलं होतं की आमच्या नावाने येणारा पण आमच्याकडून न निघालेला मेल नाकारा. लिस्ट नेमकं तेच करते: नानांचं नाव 'प्रेषक' म्हणून ठेवून मेल आमच्या सर्व्हरवरून पाठवते, वर विषयाला लिस्टचं नाव जोडते आणि खाली तळटीप लावते, त्यामुळे याहूची सहीही टिकत नाही.

मग इतकी वर्षं हे दिसलं कसं नाही? नाकारलेल्या मेलची सूचना लिस्टच्या बाउन्सेस पत्त्यावर येते, आणि तो पत्ता जुन्या सर्व्हरवर चालतच नव्हता. सूचना परत फिरायची, आणि सूचनेचीही सूचना कुणाला जात नाही. नानांचे शब्द जीमेलवाल्यांना इतकी वर्षं मिळतच नव्हते. लोकांना वाटायचं नाना कमी लिहितात. मी बाउन्सेस दुरुस्त केला तसं मेलमनला पहिल्यांदा ऐकू येऊ लागलं. प्रत्येक सदस्याच्या नावावर दिवसाला जास्तीत जास्त एक गुण चढतो, आणि मुळात ठरलेली मर्यादा पाच गुणांची असते. नानांनी रोज एक मेल टाकला. पाच दिवसांत जीमेलवाले निष्पाप सदस्य एकामागून एक निलंबित झाले.

यावर उपाय मेलमनमध्येच आहे. लिस्टच्या गोपनीयता पर्यायांत, सेंडर फिल्टर्सच्या पानावर डीमार्कची कारवाई निवडता येते. तिथे 'मंज फ्रॉम' ठेवलं. ज्या डोमेनचं धोरण कडक आहे त्यांच्या मेलवर प्रेषक म्हणून लिस्टचा पत्ता लागतो, खऱ्या लेखकाचं नाव पुढे राहतं आणि त्याचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये जातो. एसपीएफमध्ये (आपल्या नावाचा मेल कुठल्या आयपीवरून निघू शकतो ते सांगणारी डीएनएस नोंद) नवा आयपी आधीच घातला होता, आता आमच्या डोमेनची डीकेआयएम सहीही (मेल आमच्याच डोमेनचा असल्याची डिजिटल सही) सुरू केली. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम आवळले आहेत, म्हणून हे हवंच. निलंबित सदस्य वेबवरच्या सदस्ययादीत 'नोमेल' रकान्यातल्या बी अक्षरावरून ओळखू येतात. ती खूण काढून त्यांना परत सुरू केलं. ए अक्षर असेल तर ते मालकाने बंद केलेलं आणि यू म्हणजे सदस्याने स्वतः. त्यांना हात लावू नका, काहींना मेल नकोच असतात.

नानांना ही व्यवस्था फारशी आवडलेली नाही. 'मन्हा नावपुढे लिस्टनं नाव कसाले?' हा त्यांचा प्रश्न कायम आहे. मी त्यांना दुसरा पत्ता काढून द्यायची तयारी दाखवली, तेही नको. मात्र सुरतेहून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचं उत्तर आल्यापासून विषय तेवढ्यावर थांबला आहे.

जुना सर्व्हर ३० जूनला बंद केला. बिलाचे पैसे ऑगस्टमध्ये मिळाले. आता रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट तिन्ही लिस्टचे दहाही पत्ते पोस्टफिक्सला विचारते, एखाद्याचं उत्तर आलं नाही तर मला मेल करते. लिस्टचा मेल बिघडला असेल तर तो मेल कसा येणार, म्हणून ती माझ्या बाहेरच्या पत्त्यावर पाठवते.

मेलमन ३ दिवाळीच्या सुट्टीत. तिथे आज्ञेत मेल ओतण्याचा प्रकार नाही. पोस्टफिक्स एलएमटीपीने (एका प्रोग्रामने दुसऱ्याला मेल सोपवायची पद्धत), सहसा ८०२४ पोर्टवर, मेल सरळ मेलमनच्या हाती देतो आणि पत्ते 'ट्रान्सपोर्ट_मॅप्स'मधून शोधतो. म्हणजे फाइलीचा मालक आणि 'नोबडी' ही कटकट जाईल. 'मेलमन अलायसेस' ही आज्ञा नवे तक्ते बनवते, पण पोस्टफिक्स त्याच तक्त्यांना विचारतो आहे का, हे तिथेही पोस्टकॉन्फनेच बघावं लागणार. त्यासाठीची खरेदी समितीची टिपणी मी या वेळी आत्ताच टाकली आहे.